खंडेनवमीची रायफल

माझी धाकटी बहीण स्मिता हिच्या नवऱ्याने गेल्या वर्षी एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली. हे ऐकून लोक आधी हसतात, कारण त्यांनी प्रबोधला पाहिलेलं असतं. सिंगापुरात बुकित पंजांगमधल्या त्यांच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शेजारणीच्या कुत्र्यालासुद्धा आधी आत जाऊ देणारा माणूस तो. मला मात्र हसू येत नाही. त्या प्रकरणाची मला तेव्हाही किळस आली होती आणि आता लिहितानाही येते आहे. ती गिळून गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

प्रबोध इंगवले अकाउंटंट आहे. एका जहाज कंपनीत ऑडिट बघतो. तिथे म्हणे त्याचा दरारा आहे. तारखेवर खाडाखोड असलेलं बिल तो मोठ्या साहेबालाही परत पाठवतो, वर नम्रपणे 'सॉरी' म्हणतो, पण पाठवतो. कागदावर जे स्पष्ट वाचता येत नाही ते झालंच नाही, असा त्याचा नियम. एवढा कडक माणूस घरी आला की बायकोला विचारतो, "पंखा एकने वाढवू का गं?" बावीस-तेवीस वर्षं या देशात काढली, फ्लॅट घेतला, नागरिक झाला, आणि तरी अजून कोणाची तरी परवानगी यायची राहिली आहे असा चेहरा.

ती परवानगी कोणाकडून यायची राहिली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आप्पांकडून. आप्पा म्हणजे प्रबोधचे वडील, कराडच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पोरांना मार्क देताना आखडलेला त्यांचा हात पुढे कोणाहीसाठी सैल झाला नाही. प्रबोध सी.ए. झाला तेव्हा म्हणाले, "पहिल्या प्रयत्नात झाला असतास तर गोष्ट होती." नवा फ्लॅट दाखवला तर म्हणाले, "लिफ्ट हळू आहे." नागरिकत्व मिळालं, निळा पासपोर्ट जाऊन लाल आला, त्या दिवशी पानातली पोळी तशीच टाकून उठले. मुलाचं कौतुक केल्याने काही झिजतं की काय, असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं. "सुनेत्राबाई, कौतुक करण्यासारखं काही असलं तर करीन," असं त्यांचं उत्तर. अशा माणसांचा मला संताप येतो. आणि त्यांच्यासमोर पन्नाशीत पोचूनही घाम पुसत उभ्या राहणाऱ्या मुलांचा त्याहून जास्त.

आप्पांचा आवाज फक्त एका विषयावर मऊ व्हायचा. त्यांचे वडील, प्रबोधचे आजोबा, हवालदार होते. बेचाळीस साली सिंगापूर पडलं तेव्हा ते इथेच होते. युद्धकैदी झाले, हाडांचा सापळा होऊन परत आले आणि आप्पा लहान असतानाच गेले. आप्पांना त्यांचा चेहराही धड आठवत नाही. तरी दरवेळी इथे आले की क्रांजीच्या युद्धस्मारकावर जायचे आणि उन्हात टोपी काढून उभे राहायचे. प्रबोध मागे पाण्याची बाटली घेऊन. आजोबांसाठी काहीतरी केलं तर आप्पा आपल्याकडेही त्याच डोळ्यांनी बघतील, हे तिथे उभ्या उभ्याच त्याच्या डोक्यात शिरलं असावं. त्यात डॉक्टरांनी आप्पांना सांगून टाकलं होतं की आता एकदा जाऊन या, पुन्हा विमान नको. म्हणजे जे व्हायचं ते याच खेपेला.

प्रबोध एका नेमबाजी क्लबचा मेंबर होता. रविवारी जाऊन क्लबच्या रायफलीने कागदी वर्तुळं फोडायचा. स्वतःची बंदूक त्याच्याकडे नव्हती. या देशात ती घेणं म्हणजे सोपं काम नाही, आणि घेतली तरी घरी आणता येत नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते. मालकाने जायचं, सही करायची, अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाताळायची आणि परत द्यायची. सगळे परवाने काढायला प्रबोधला कंटाळा आला नाही, उलट मजाच आली असणार. नडला तो अश्विन.

अश्विन त्याच क्लबात यायचा. श्रीमंतांचे पैसे गुंतवून देण्याचा त्याचा धंदा, बोलणं तूप लावलेलं. समोरच्याचं मनगट धरून बोलायची त्याला सवय होती आणि बोलता बोलता तो ओठांवरून जीभ फिरवायचा. त्याने माझं मनगट एकदाच धरलं, मी घरी येऊन साबणाने हात धुतला. तो सिंगापूर सोडून दुबईला चालला होता आणि त्याच्याकडे एक जुनी रायफल होती. 'थ्री नॉट थ्री', बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. प्रबोधच्या आजोबांची कथा त्याने आधी पोटभर ऐकून घेतली, दोनदा डोळे पुसले, आणि मग म्हणाला, "बॉस, तुमच्या आजोबांच्या हातात हीच होती. म्हणजे अगदी हीच नसेल, पण हीच!"

ती बघायला प्रबोध मला आणि स्मिताला घेऊन गेला. चार डोळे जास्त असलेले बरे, म्हणाला. मी बुओना व्हिस्टाच्या माझ्या घरून रविवार मोडून गेले, कारण स्मिताचा आवाज फोनवर काळजीचा वाटला. क्लबच्या लांब टेबलावर कापड अंथरून ती ठेवली होती. मला वाटलं होतं काहीतरी रुबाबदार दिसेल. छे! लाकडाला हातांचा मळ बसून चिकट थर झालेला, लोखंडावर जाडजूड काळा रंग, आणि वास असा की जुन्या शिलाई मशीनच्या खणात उंदीर मेला असावा. गोठलेलं ग्रीज खाचाखाचांतून पिवळं दिसत होतं. असल्या वस्तूवरून हा माणूस बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात फिरवत होता.

ओळख पटवण्याची तयारी मात्र त्याने केली होती. महिनाभर पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. भिंग काढून तो एकेक गोष्ट आम्हाला समजावू लागला. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी, बरोबर. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू, बरोबर, ईशापूरच्या रायफलींना तो असतो. मॅगझीन दहा गोळ्यांचं, बरोबर. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण मुठीपाशी, लोखंडी पट्ट्यावर. तिथे इंग्रजांचा मुकुट, खाली कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. प्रबोधने भिंग तिथे नेलं. कारखान्याचं नाव दिसलं. सालाचे पहिले दोन आकडे दिसले, एकोणीस. बाकी सगळं काळ्या रंगाखाली बुजलेलं.

"मुकुट आहे ना खाली?" प्रबोधने विचारलं.

"अर्थात आहे!" अश्विनने त्याचं मनगट धरलं. "पण घासायचं नाही हं, बॉस. कलेक्टर लोक कधी घासत नाहीत. ही जुनी झाक, पटिना, गेली की व्हॅल्यू गेली."

तारखेवर खाडाखोड असलेलं बिल मोठ्या साहेबाला परत पाठवणारा हा माणूस. त्याने भिंग खिशात ठेवलं आणि मान डोलावली. मी म्हटलं, "प्रबोध, ऑफिसात असा कागद आला असता तर काय केलं असतंस?" तो केविलवाणं हसला. "ताई, हे काय ऑफिस आहे?" स्मिताने माझा हात दाबला म्हणून मी गप्प बसले. सौदा झाला, कागदपत्रं झाली आणि अश्विन दुबईला पसार झाला.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो. 'रणभूमीचा वारसा', 'इंगवले घराण्याची शौर्यगाथा', खाली तिरंगे आणि जोडलेले हात. आयुष्यात झुरळ न मारलेली माणसं 'रक्तात असावं लागतं' वगैरे लिहू लागली. क्लबमध्ये एका दुपारी सातआठ जण नुसती रायफल बघायला आले, रांगेने तिच्याशेजारी उभे राहिले आणि एकाने पोट आत ओढून मिशीला पीळ दिला. त्याला पीळ देण्याइतकी मिशीही नव्हती. प्रबोध सगळ्यांना चहा देत फिरत होता.

पण कराडहून येणारे फोन खरे होते. आप्पा रोज फोन करू लागले. आधी महिन्यातून एकदा, तोही औषधांची नावं सांगायला. आता विचारायचे, वजन किती आहे? पट्टा चामड्याचा की कापडी? बोल्ट घट्ट आहे का सैल? प्रबोध उभा राहून उत्तरं द्यायचा आणि फोन ठेवला की त्याचा चेहरा असा व्हायचा की मलाच नजर फिरवावी लागायची. नवरात्राच्या आधी आप्पा आले. येताच म्हणाले, "खंडेनवमीला तिची पूजा करू. मी करतो." स्मिता मला म्हणाली, "ताई, सासऱ्यांनी याच्या कुठल्याही गोष्टीला 'मी करतो' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं."

आता खंडेनवमीला शस्त्र पुजायचं, तर आधी ते लखलखीत नको? आपल्याकडे घरातला विळा, कोयता, सुरी, पितळी समया, सगळं त्या आधी चिंचेने घासून निघतं. कलेक्टर लोक काय करतात ते कलेक्टर लोकांना ठाऊक. मळकी वस्तू देवापुढे ठेवायची नाही, हे स्मिताच्या हाडात मुरलेलं. आदल्या दिवशी ती डब्यात भिजवलेली चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या घेऊन क्लबवर निघाली. सोबत मी. प्रबोध 'घासू नका, घासू नका' म्हणत मागे, पण त्याच्या म्हणण्यात जोर नव्हता, कारण मळकट रायफल आप्पांना दाखवायची त्यालाही लाज वाटत होती.

क्लबचे अधिकारी मिस्टर को यांनी बोल्ट, ज्याशिवाय गोळी सुटत नाही तो, काढून स्वतःच्या खिशात घातला आणि चिंचेच्या डब्यात नाक खुपसून बघितलं. "दिस वन फॉर कुकिंग, राइट?" ते म्हणाले. "टुमॉरो नो कोकोनट, नो अगरबत्ती, नो फायर. फ्लावर कॅन. पावडर कॅन, लिटल बिट. ओके लाह." म्हणजे फुलं आणि चिमूटभर हळदकुंकू चालेल.

पितळी पट्टी पाचच मिनिटांत सोन्यासारखी निघाली. स्मिताला जोर चढला. तोच काथ्या तिने मुठीजवळच्या लोखंडावर चालवला. काळा रंग जुना नव्हताच. जुना रंग असा ओल्या पापुद्र्यासारखा सुटून येत नाही. तिने पाण्याने धुतलं, फडक्याने टिपलं आणि हात थांबवला.

"अहो, मुकुट असा असतो?"

आम्ही तिघांनी वाकून बघितलं. भिंगाची गरज नव्हती. पाठीला पाठ लावून बसलेले तीन सिंह. आपल्या नोटेवरचे, नाण्यावरचे, प्रबोधने परत केलेल्या त्या निळ्या पासपोर्टवरचे. खाली साल, एकोणीसशे चोपन्न. ही रायफल स्वतंत्र हिंदुस्थानात बनली होती. आजोबा सिंगापुरात कैद झाले तेव्हा तिचं लोखंड खाणीतून निघालंही नसेल. अश्विनने मुद्दाम वर रंग चोपडून ती प्रबोधच्या गळ्यात मारली होती.

मला वाटलं, आता हा चिडेल. निदान दुबईला फोन लावून त्या तुपाळ माणसाची आई-बहीण काढेल. प्रबोधने ऑफिसची बॅग उघडली, बूटपॉलिशची डबी काढली, करंगळीवर काळं पॉलिश घेतलं आणि सिंहांवर भरायला लागला. आधी सिंह, मग साल. बोटाने भरायचं, कडेचं फडक्याने पुसायचं, पुन्हा भरायचं. इतकं नीटनेटकं काम की बघणाऱ्याला शंका येऊ नये.

"प्रबोध, काय करतोयस तू हे?" मी म्हटलं.

"ताई, फक्त उद्याचा दिवस." त्याने मान वर केली नाही. "ते पुन्हा यायचे नाहीत. त्यांना काय फरक पडतो? आणि मला... तुम्हाला कळतंय ना, मला काय पाहिजे ते?"

कळत होतं. म्हणून तर शिसारी आली. अश्विन धंदेवाईक लबाड, त्याचं मला आश्चर्य नव्हतं. पण खाडाखोडीचं बिल परत करणारा माणूस स्वतःच्या म्हाताऱ्या बापासाठी अश्विनचं उरलेलं काम पूर्ण करत होता, आणि तेही जीभ दाताखाली धरून, अभ्यासाला बसलेल्या शहाण्या मुलासारखा. स्मिता चिंचेचा डबा बंद करत म्हणाली, "ताई, तू काही बोलू नकोस उद्या. माझी शपथ आहे." मी शपथ पाळली. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा धुवट पांढरा सदरा आणि टोपी घालून क्लबवर आले. एकोणऐंशी वर्षांचे, पण पायऱ्यांवर त्यांनी प्रबोधचा हात घेतला नाही. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर रायफल. झेंडूच्या फुलांचा छोटा हार स्मिताने नळीला घातला होता. मिस्टर को बाजूला हात बांधून उभे.

"आप्पा, एकेचाळीस सालची," प्रबोध म्हणाला. "आजोबांच्या वेळची."

आप्पांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि रायफलीकडे नळीपासून दस्त्यापर्यंत हळूहळू बघितलं. मग त्यांनी न वळता मागे हात केला आणि प्रबोधचा दंड धरला. नुसता धरून ठेवला. प्रबोधने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यांत असा आनंद होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. चोरलेल्या खाऊला तोंड लावताना मुलाचे डोळे असे होतात.

आप्पांनी पूजा सुरू केली. फुलाने पाणी शिंपडलं, नळीला गंध लावलं, हळद वाहिली. कुंकू लावायला त्यांनी जागा निवडली ती मुठीजवळची. शस्त्र जिथे धरतात तिथे कुंकू, म्हणाले. पाण्याचा ओघळ तिथे साचला होता. तो त्यांनी सवयीने अंगठ्याने पुसला.

अंगठा काळा झाला. त्यांनी तो बघितला, पुन्हा एकदा पुसलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकले.

"हे कोणी भरलं?" आप्पांनी विचारलं.

खरं बोलायला त्याला एवढी मोकळी जागा आयुष्यात कधी मिळाली नव्हती. प्रबोध म्हणाला, "विकणाऱ्याने, आप्पा. फसवलं त्याने आपल्याला. मला आत्ता कळतंय."

आप्पांनी अंगठा नाकाशी नेला. चाळीस वर्षं शाळेत पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस तो. "ओलं आहे अजून," ते म्हणाले.

प्रबोधची मान खाली गेली. स्मिता रडायला लागली. मला अश्विनची, प्रबोधची, माझ्या बंद तोंडाची, त्या पाटावरच्या फुलांचीसुद्धा किळस आली.

आता आप्पा फाडून खाणार, असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या तीन सिंहांकडे बघत राहिले.

"चीनचं युद्ध झालं आणि कॉलेजात एनसीसी सक्तीची केली," ते म्हणाले. "आम्ही सतरा-अठरा वर्षांची पोरं. आम्हाला हीच दिली होती. हेच सिंह होते इथे. परेडला उभं राहिलं की अंगठा बरोबर या सिंहांवर यायचा. बाप आठवत नव्हता मला. पण ही खांद्यावर घेतली की वाटायचं, त्याला असंच वाटत असेल. आयुष्यात मला कुठल्या वस्तूचा एवढा अभिमान वाटला नाही. म्हणून तुला फोनवर रोज विचारत होतो, बोल्ट सैल आहे का. आमच्या सगळ्यांचे सैल असायचे."

प्रबोधने मान वर केली.

"तू ही आहे तशी पुढे ठेवली असतीस," आप्पा म्हणाले, "तर हे सगळं मीच तुला सांगितलं असतं."

त्यांनी काळा अंगठा त्याच्यापुढे धरला. प्रबोध गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या रुमालाने तो पुसू लागला. आप्पांनी पुसू दिलं, पण ते बघत होते दुसरीकडे. बूटपॉलिश ते, नखाच्या कडेला जाऊन बसलेलं, आणि प्रबोध पुसतच राहिला.